राउटरवर एका सबनेटमधील मल्टिकास्ट दुसऱ्या सबनेटमध्ये कसे पोहोचवावे

कार्यालयातील संगणक, पॅकिंग विभागातील लेबल प्रिंटर, फाटकावरचे कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच स्वतंत्र भागात, कोंबू नयेत, हा सल्ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यालाही लागू पडतो आणि नवी पेठेतील दुमजली दुकानालाही. मात्र सबनेट वेगळी केली की लगेच तक्रारी सुरू होतात. फोनवर प्रिंटर दिसत नाही, कॅमेऱ्यांचे सॉफ्टवेअर एकही कॅमेरा शोधून देत नाही, बैठकीच्या खोलीतील टीव्हीवर चित्र पाठवण्याची खूण ॲपमध्ये उमटतच नाही. इंटरनेट चालू असते, प्रिंटरच्या पत्त्यावर पिंगही जाते, तरी उपकरणे एकमेकांना सापडत नाहीत. ही उपकरणे एकमेकांचा शोध मल्टिकास्टने, म्हणजे एका गटाच्या पत्त्यावर पाठवून अनेकांपर्यंत पोहोचणाऱ्या पॅकेटने, घेतात आणि मल्टिकास्ट पॅकेट आपण वेगळे सांगितल्याशिवाय राउटर एका सबनेटमधून दुसऱ्यात नेत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

या तक्रारीला कंटाळून अनेक जण दोन्ही सबनेट पुन्हा एकाच ब्रिजमध्ये जोडून टाकतात किंवा फायरवॉलमध्ये सर्व काही खुले करतात. पहिल्या उपायाने सबनेट वेगळी करण्याचा हेतूच संपतो. दुसऱ्याने धोका वाढतो आणि बहुतेक वेळा प्रिंटर तरीही दिसत नाही, कारण अडचण फायरवॉलपुरती नसतेच. म्हणून राउटरला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, असा माझा आग्रह आहे: शोधाचे पॅकेट कोणत्या गटाच्या पत्त्यावर जाते, त्याचे उत्तर कोणत्या वाटेने परत येते, आणि शोध लागल्यावर होणारी खरी देवाणघेवाण कोणत्या पोर्टवर चालते. यांपैकी एकीची व्यवस्था करून दुसरी राहून गेली, तर सारे बरोबर करूनही काहीच चालत नाही असे वाटत राहते.

पुढील विवेचनासाठी एक आराखडा गृहीत धरू. चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात कार्यालयासाठी १९२.१६८.१०.०/२४, प्रिंटर व टीव्हीसाठी १९२.१६८.२०.०/२४, कॅमेऱ्यांसाठी १९२.१६८.३०.०/२४ आणि पाहुण्यांसाठी १९२.१६८.४०.०/२४ अशी चार सबनेट आहेत. चारही सबनेटची व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरिंगवरची आभासी नेटवर्क, एका मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवरून राउटरपर्यंत येतात आणि राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालते. राउटर दुसऱ्या प्रकारचा असला तरी तत्त्व तेच राहते. फक्त पर्यायांची जागा बदलते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवावीशी वाटते. कारखान्यात एकच प्रिंटर असेल आणि तो दोन-तीन संगणकांवरूनच वापरला जात असेल, तर या मार्गदर्शनातील काहीही करण्याची गरज नाही. डीएचसीपीमध्ये, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेत, त्या प्रिंटरला कायमचा पत्ता राखून द्यावा, प्रत्येक संगणकावर तो पत्ता लिहून प्रिंटर जोडावा आणि फायरवॉलमध्ये कार्यालयाकडून प्रिंटरकडे जाणारे एक पोर्ट उघडावे. शोधाची यंत्रणा ज्यांना टाळता येत नाही, म्हणजे फोनवरून छपाई, टीव्हीवर चित्र पाठवणे, वारंवार बदलणारे कॅमेरे, त्यांच्यासाठीच मल्टिकास्टचा खटाटोप करावा.

आधी गट ओळखावा

आयपी आवृत्ती ४ मध्ये मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात. या पट्ट्यातील २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पहिला तुकडा केवळ त्या-त्या सबनेटपुरता राखलेला आहे. पॅकेटचा टीटीएल, म्हणजे ते आणखी किती राउटर ओलांडू शकते हे सांगणारा आकडा, कितीही असला तरी राउटरने ते पुढे पाठवायचे नाही, असा नियमच आहे. २३९ ने सुरू होणारे पत्ते मात्र एखाद्या संस्थेच्या किंवा जागेच्या अंतर्गत वापरासाठी आहेत आणि ते सबनेटच्या सीमेपलीकडे नेता येतात. सगळ्या कामाची दिशा या एका फरकावरून ठरते.

आपल्याकडील उपकरणांत शोधाचे प्रामुख्याने तीन प्रोटोकॉल आढळतात. एमडीएनएस २२४.०.०.२५१ या पत्त्यावर आणि यूडीपी पोर्ट ५३५३ वर चालते. ॲपलची एअरप्रिंट व एअरप्ले, अँड्रॉइडवरील छपाई आणि क्रोमकास्ट यांचा शोध यावरच होतो. एसएसडीपी २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर आणि पोर्ट १९०० वर चालते. यूपीएनपी आणि डीएलएनए प्रकारचे टीव्ही व माध्यम-सर्व्हर ते वापरतात. तिसरे डब्ल्यूएस-डिस्कव्हरी. त्याचाही पत्ता २३९.२५५.२५५.२५० हाच, पण पोर्ट ३७०२. ओएनव्हीआयएफ मानकाचे कॅमेरे आणि विंडोजला दिसणारे अनेक प्रिंटर त्यावर उत्तर देतात.

उपकरणाच्या खोक्यावर काय छापले आहे यावर विसंबू नये. राउटरवर टीसीपीडंप हे पॅकेट पाहण्याचे साधन बसवावे, कार्यालयाच्या इंटरफेसवर मल्टिकास्ट पॅकेट पाहण्याची गाळणी लावून ते चालू करावे आणि मग फोनवरून किंवा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधून शोध सुरू करावा. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर आणि किती टीटीएल घेऊन पॅकेट निघाले, हे तेथेच दिसते. या तिन्ही आकड्यांची नोंद ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे. विशेषतः टीटीएल बघण्याचे टाळू नये; त्याचे कारण पुढे येईल.

एमडीएनएससाठी रिफ्लेक्टर

२२४.०.०.२५१ हा पत्ता राखीव तुकड्यातील असल्याने त्याचे पॅकेट राउटिंगने पुढे नेता येत नाही. शिवाय एमडीएनएसचे मानक, म्हणजे २०१३ सालचे आरएफसी ६७६२, असे सांगते की आपल्या दुव्याबाहेरून आलेले उत्तर उपकरणाने स्वीकारू नये. म्हणून येथे पॅकेट नेणारा नव्हे, तर एका सबनेटमध्ये ऐकलेली घोषणा दुसऱ्या सबनेटमध्ये स्वतःच्या पत्त्याने पुन्हा करणारा कार्यक्रम लागतो. त्याला रिफ्लेक्टर किंवा रिपीटर म्हणतात. लिनक्सवर हे काम अवाही करतो.

ओपनडब्ल्यूआरटीवर अवाहीचे डीबस (कार्यक्रमांमधील संदेशवहनाची सोय) नसलेले पॅकेज पुरेसे असते आणि ते जागाही कमी घेते. त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये सर्व्हरच्या विभागात परवानगी असलेल्या इंटरफेसची ओळ असते. तेथे कार्यालय आणि प्रिंटर ही दोनच नावे लिहावीत. ही ओळ रिकामी सोडली तर अवाही सर्व इंटरफेसवर, म्हणजे इंटरनेटकडील बाजूवर आणि पाहुण्यांच्या सबनेटवरही, बोलू लागतो. कोणत्याही पाहुण्याच्या फोनवर कारखान्यातील प्रत्येक उपकरणाचे नाव दिसावे, असे कोणाही मालकाला वाटणार नाही. त्यानंतर रिफ्लेक्टरच्या विभागात रिफ्लेक्टर चालू करण्याच्या पर्यायापुढे 'होय' अर्थाचे मूल्य द्यावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. अवाहीच्या ०.८ आवृत्तीपासून ठरावीक सेवांच्या घोषणाच पुढे पाठवण्याची गाळणीही मिळते. छपाई आणि क्रोमकास्ट एवढेच हवे असेल तर ती जरूर वापरावी, कारण त्यामुळे संगणकांच्या नावांचा अनावश्यक गोंगाट दुसऱ्या सबनेटमध्ये जात नाही.

आता फायरवॉल. येथे बहुतेकांची गफलत होते. रिफ्लेक्टर राउटरवरच चालत असल्यामुळे प्रिंटरच्या सबनेटमधून येणारे एमडीएनएस पॅकेट राउटर ओलांडून जात नाही, ते राउटरपर्यंत येते. म्हणून फॉरवर्डच्या नियमांत कितीही बदल केला तरी उपयोग होत नाही. परवानगी इनपुटच्या नियमात द्यावी लागते. प्रिंटरच्या झोनमधून (झोन म्हणजे फायरवॉलने एकत्र धरलेला इंटरफेसचा गट), यूडीपी, गंतव्य पत्ता २२४.०.०.२५१, गंतव्य पोर्ट ५३५३, आणि कृती 'स्वीकारा', असा एक नियम पुरतो. कार्यालयाच्या झोनला इनपुटची सर्वसाधारण परवानगी असेल तर तेथे वेगळा नियम लागत नाही. आयपी आवृत्ती ६ वापरात असेल, तर एफएफ०२::एफबी या पत्त्यासाठी तसाच दुसरा नियम लिहावा.

मायक्रोटिक वापरणाऱ्यांना वेगळा कार्यक्रम बसवावा लागत नाही. राउटरओएसच्या ७.१६ आवृत्तीपासून डीएनएसच्या सेटिंगमध्येच एमडीएनएस पुन्हा पाठवायच्या इंटरफेसची यादी देता येते. पीएफसेन्सवर अवाहीचे पॅकेज मिळते आणि ओपीएनसेन्सवर एमडीएनएस रिपीटरचे प्लगइन. युनिफायच्या राउटरमध्ये तर तो एक खटकाच आहे. कोणतेही साधन निवडावे, पण त्याच दोन सबनेटांमध्ये दोन रिफ्लेक्टर कधीही चालू ठेवू नयेत. एकाने पाठवलेली घोषणा दुसरा उचलून परत पाठवतो, पहिला ती पुन्हा उचलतो आणि पॅकेटांचे हे चक्र वाय-फाय मंदावेपर्यंत फिरत राहते. काही ॲक्सेस पॉइंटमध्येही हीच सोय असते आणि ती कोणीतरी पूर्वी चालू करून ठेवलेली असू शकते, म्हणून राउटरवर रिफ्लेक्टर सुरू करण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

एसएसडीपी आणि डब्ल्यूएस-डिस्कव्हरीसाठी राउटिंग

२३९.२५५.२५५.२५० हा पत्ता खऱ्या अर्थाने राउट करता येतो. मोठ्या संस्थेत यासाठी पीआयएम हा प्रोटोकॉल वापरतात, परंतु एकच राउटर आणि चार सबनेट एवढ्या पसाऱ्याला तो लागत नाही. इंटरनेट पुरवठादाराच्या टीव्ही-सेवेसाठी वापरला जाणारा आयजीएमपीप्रॉक्सीही येथे फारसा सोयीचा नाही, कारण एक इंटरफेस वरचा आणि बाकीचे खालचे अशी त्याची रचना असते आणि आपल्याकडे प्रवाह दोन्ही दिशांना हवा असतो. अशा ठिकाणी एसएमसीराउट हा कार्यक्रम मला सर्वांत सरळ वाटतो. त्याला प्रत्येक मार्ग हाताने सांगायचा असतो. त्यामुळे काय जाते आणि काय जात नाही, हे फाईल वाचताच कळते.

त्याच्या फाईलमध्ये प्रत्येक दिशेसाठी दोन ओळी लिहाव्या लागतात. पहिली ओळ राउटरला त्या इंटरफेसवर गटाचे सभासद करते. दुसरी ओळ त्या इंटरफेसवरून आलेले गटाचे पॅकेट कोठे न्यायचे ते सांगते. कार्यालयातील सॉफ्टवेअरला कॅमेरे शोधायचे असतील, तर कार्यालयाच्या इंटरफेसवर २३९.२५५.२५५.२५० या गटाचे सभासदत्व आणि तेथून कॅमेऱ्यांच्या इंटरफेसकडे मार्ग, अशा दोन ओळी होतात. टीव्ही किंवा माध्यम-सर्व्हर 'मी येथे आहे' अशी घोषणा अधूनमधून स्वतःहून करतात आणि ती कार्यालयात पोहोचायला हवी असेल, तर प्रिंटर-टीव्हीच्या इंटरफेसवरून कार्यालयाकडे उलट दिशेच्या दोन ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात. एका दिशेच्या मार्गाने दुसरी दिशा आपोआप उघडत नाही. तसेच लिनक्समध्ये मल्टिकास्ट मार्गांचा एक तक्ता एका वेळी एकच कार्यक्रम हाताळू शकतो; आयजीएमपीप्रॉक्सी आधीच चालू असेल तर एसएमसीराउट सुरू होणार नाही.

मार्ग लिहून झाल्यावर मल्टिकास्ट मार्गांचा तक्ता पाहावा. त्यात गटाची नोंद दिसली आणि शोध घेताना तिच्यापुढील पॅकेटांचा आकडा वाढला, तर पॅकेट राउटरपर्यंत येऊन मार्गाशी जुळत आहे. तरीही पॅकेट दुसऱ्या सबनेटमध्ये पोहोचत नाही, अशा वेळी नव्वद टक्के दोष टीटीएलचा असतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण मी प्रथम तोच तपासतो. अनेक सॉफ्टवेअर शोधाचे पॅकेट टीटीएल १ ठेवून पाठवतात. राउटर ओलांडताना टीटीएल एकाने कमी होतो, तो शून्य होत असल्याने पॅकेट तेथेच टाकून दिले जाते आणि त्याची कोणतीही तक्रार नोंदवहीत उमटत नाही. यूपीएनपीच्या १.१ आवृत्तीत एसएसडीपीसाठी टीटीएल २ सुचवलेला आहे, तरी प्रत्येक उत्पादक तो पाळतोच असे नाही.

यावर उपाय म्हणजे पॅकेट राउटरमध्ये शिरताच, राउटिंगचा निर्णय होण्यापूर्वी, त्याचा टीटीएल वाढवणे. जुन्या फायरवॉलमध्ये, म्हणजे आयपीटेबल्समध्ये, हे मँगल तक्त्याच्या प्रीराउटिंग साखळीत होते. एनएफटेबल्समध्ये प्रीराउटिंगच्याच टप्प्यावर टीटीएलला नवे मूल्य देता येते. नियमात येणारा इंटरफेस आणि गंतव्य पत्ता २३९.२५५.२५५.२५० हे दोन्ही लिहावेत आणि टीटीएल फक्त एकाने वाढवावा किंवा २ करावा. सर्व मल्टिकास्टचा टीटीएल सरसकट ६४ करून टाकण्याचा सल्ला कोठेतरी वाचायला मिळतो. तो मानू नये. पॅकेट गोल फिरू लागले तर त्याला थांबवणारी टीटीएल हीच एकमेव मर्यादा असते आणि ती आपणच काढून टाकलेली असते.

उत्तराची वाट

शोधाचे पॅकेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले, टीसीपीडंपमध्ये कॅमेऱ्याने उत्तर दिलेलेही दिसते, तरी सॉफ्टवेअरमधील यादी रिकामीच राहते. हा प्रकार समजून घेणे या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे.

फायरवॉल जोडण्यांची आठवण ठेवते. कार्यालयातील संगणकाने एखाद्या पत्त्याकडे पॅकेट पाठवले आणि त्याच पत्त्याकडून उत्तर आले, तर ते चालू जोडणीचा भाग मानून आत सोडले जाते. एसएसडीपी आणि डब्ल्यूएस-डिस्कव्हरीमध्ये मात्र प्रश्न २३९.२५५.२५५.२५० या गटाच्या पत्त्यावर जातो आणि उत्तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून, समजा १९२.१६८.३०.२१ वरून, थेट विचारणाऱ्या संगणकाच्या पत्त्यावर व पोर्टवर येते. फायरवॉलच्या दृष्टीने या दोन पॅकेटांचा परस्परांशी काही संबंध नसतो. कॅमेऱ्यांच्या सबनेटमधून कार्यालयाकडे नवीनच कोणीतरी बोलू पाहत आहे असे समजून ती ते उत्तर अडवते, आणि कॅमेऱ्यांनी कार्यालयात शिरू नये म्हणून आपणच तसा नियम घातलेला असतो.

म्हणून उत्तरासाठी वेगळा फॉरवर्ड नियम लिहावा लागतो: कॅमेऱ्यांच्या झोनमधून कार्यालयाच्या झोनकडे, यूडीपी, उगमाचे पोर्ट ३७०२. एसएसडीपीसाठी उगमाचे पोर्ट १९०० धरावे, परंतु काही उपकरणे उत्तर देताना भलतेच पोर्ट वापरतात. नियम लिहिण्यापूर्वी टीसीपीडंपमध्ये खरे पोर्ट कोणते ते पाहून घ्यावे. गंतव्य पोर्ट आधी सांगता येत नाही, कारण विचारणारे सॉफ्टवेअर ते दर वेळी नवे निवडते. नियम शक्य तितका आवळण्यासाठी गंतव्य पत्ता म्हणून संपूर्ण कार्यालय न देता कॅमेऱ्यांचे सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते तेवढाच पत्ता द्यावा. कॅमेऱ्यांवरील सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही, हे ध्यानात घेता ही काळजी अनाठायी नाही.

काही उपकरणे याहीपुढे जाऊन, विचारणारा आपल्या सबनेटमधील नसेल तर उत्तरच देत नाहीत. अशा वेळी राउटिंगचा उपयोग नाही. पॅकेट पुन्हा पाठवणारा यूडीपी ब्रॉडकास्ट रिले वापरावा लागतो. त्याला पोर्ट, गट आणि इंटरफेसची नावे द्यावी लागतात. त्याच्या प्रत्येक प्रतीला स्वतंत्र ओळख-क्रमांक द्यावा, म्हणजे आपणच पाठवलेले पॅकेट ती पुन्हा उचलणार नाही.

स्विच आणि वाय-फाय

राउटर निर्दोष असूनही काम अडते, तेव्हा स्विच पाहावा. आयजीएमपी स्नूपिंग चालू असलेला स्विच कोणत्या पोर्टवर कोणत्या गटाचा सभासद आहे याची नोंद ठेवतो आणि त्या पोर्टवरच गटाचे पॅकेट पाठवतो. ही नोंद ताजी राहण्यासाठी सबनेटमध्ये कोणीतरी सभासदांना वेळोवेळी विचारत राहावे लागते. त्याला क्वेरियर म्हणतात. प्रमाणित मांडणीत तो दर १२५ सेकंदांनी विचारतो आणि २६० सेकंदांत उत्तर न मिळालेल्या सभासदाची नोंद पुसली जाते. क्वेरियरच नसेल, तर स्विच सुरू केल्यावर काही मिनिटे सारे कॅमेरे दिसतात आणि नंतर एकामागून एक नाहीसे होतात. 'आधी चालत होते, मग आपोआप बंद पडले' अशी तक्रार आली की प्रत्येक व्हीलॅनमध्ये क्वेरियर आहे ना, हे बघावे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ब्रिजवर क्वेरियर चालू करता येतो. मॅनेज्ड स्विचमध्येही तो पर्याय असतो. दोन ठिकाणी चालू राहिला तरी बिघडत नाही, कारण ज्याचा आयपी पत्ता लहान असेल तोच क्वेरियर म्हणून टिकतो.

ही अडचण एसएसडीपीला येते आणि एमडीएनएसला सहसा येत नाही, कारण २२४.०.०.२५५ पर्यंतचे गट स्नूपिंग असतानाही सर्व पोर्टवर पाठवावेत, अशी शिफारस आहे. म्हणून फोनवर प्रिंटर दिसतो पण कॅमेरा दिसत नाही, एवढ्या निरीक्षणावरूनही दोष कोठे शोधायचा ते ठरवता येते.

कारखान्याने स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळा गट निवडायचा असेल, तर २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x हे पत्ते टाळावेत. इथरनेटच्या पत्त्यात मल्टिकास्ट पत्त्याचे शेवटचे २३ बिटच उतरतात; त्यामुळे २३९.१२८.०.२५१ आणि २२४.०.०.२५१ यांचा इथरनेट पत्ता एकच होतो आणि स्विच त्यांना वेगळे ओळखू शकत नाही.

वाय-फायबाबत थोडक्यात. ॲक्सेस पॉइंटवर ग्राहक-विलगीकरण चालू असेल, तर त्याच वाय-फायवरची उपकरणे एकमेकांना दिसणार नाहीत. पाहुण्यांसाठी ते चालूच ठेवावे, प्रिंटरच्या नेटवर्कसाठी बंद करावे. वाय-फायवरचे मल्टिकास्ट सर्वांत कमी वेगाने आणि पोच न घेता पाठवले जाते, म्हणून गर्दीच्या वेळी ते हरवते. लूमच्या शेडमध्ये पत्रे आणि यंत्रे यांमुळे सिग्नल आधीच क्षीण असतो. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये, म्हणजे एकेका उपकरणाला वेगळे पाठवलेल्या पॅकेटमध्ये, रूपांतर करण्याची सोय असल्यास ती चालू करावी, आणि लेबल प्रिंटर तर शक्यतो वायरनेच जोडावा.

शोध लागल्यानंतरचे पोर्ट

यादीत नाव दिसले म्हणजे काम झाले असे नाही. मल्टिकास्टने फक्त पत्ता कळवला. छपाई किंवा चित्र साध्या युनिकास्ट जोडणीने जाते आणि तिला राउटर ओलांडावा लागतो. कार्यालयाकडून प्रिंटरकडे टीसीपी ६३१ हे आयपीपीसाठी आणि ९१०० हे थेट छपाईसाठी उघडावे. लेबल प्रिंटर बहुधा ९१०० वरच चालतात. क्रोमकास्टला टीसीपी ८००८ आणि ८००९ लागतात. कॅमेऱ्यांच्या चित्रासाठी टीसीपी ५५४ हे आरटीएसपीचे पोर्ट, आणि ओएनव्हीआयएफसाठी कॅमेऱ्याने आपल्या उत्तरात कळवलेले पोर्ट, जे अनेकदा ८० असते.

पोर्ट उघडूनही जोडणी होत नसेल, तर उपकरणाचा डिफॉल्ट गेटवे तपासावा. बसवणाऱ्याने हाताने पत्ता देताना गेटवेची जागा रिकामी सोडलेली असणे, हे कॅमेऱ्यांत आणि लेबल प्रिंटरांत अगदी नेहमी आढळते. आपल्या सबनेटमध्ये त्या उपकरणाचे काहीच अडत नाही आणि रिफ्लेक्टरच्या प्रश्नालाही ते उत्तर देते, कारण रिफ्लेक्टर त्याच सबनेटमधील असतो. पण दुसऱ्या सबनेटमधील संगणकाला उत्तर कोणत्या वाटेने पाठवायचे हे त्याला ठाऊक नसते. उत्पादकाने घालून दिलेला मूळ पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.६४, तसाच राहिला असेल तर स्थिती आणखी अवघड होते: त्याने पाठवलेले मल्टिकास्ट राउटरपर्यंत येते, पण उलट मार्गाच्या तपासणीत हा पत्ता या इंटरफेसचा नाही असे ठरून टाकले जाते. ती तपासणी बंद करण्यापेक्षा उपकरणाचा पत्ता दुरुस्त करावा.

तपासणीचा क्रम

सर्व नियम एकदम लिहून मग काय बिघडले ते शोधत बसू नये. प्रथम एकाच सबनेटमध्ये, म्हणजे लॅपटॉप थेट प्रिंटरच्या व्हीलॅनमध्ये जोडून, शोध लागतो का ते पाहावे. तेथेच लागत नसेल तर राउटरचा काही संबंध नाही. मग राउटरवर दोन टीसीपीडंप एकाच वेळी चालवावेत, एक येणाऱ्या आणि दुसरा जाणाऱ्या इंटरफेसवर. येणाऱ्यावर पॅकेट दिसत नसेल तर दोष स्विच, वाय-फाय किंवा पाठवणाऱ्या यंत्रात आहे. येणाऱ्यावर दिसते पण जाणाऱ्यावर दिसत नसेल तर टीटीएल, मार्ग किंवा फायरवॉल. दोन्हींवर दिसते आणि उत्तरही येते, पण विचारणाऱ्याच्या इंटरफेसवर ते उमटत नाही, तर मागे सांगितलेला उत्तराचा नियम राहून गेला आहे. एमडीएनएससाठी कार्यालयातील लिनक्स संगणकावर अवाहीचा शोधक चालवला की दिसणाऱ्या सेवांची यादी मिळते; फोनवर अशी यादी दाखवणारी ॲपही आहेत.

इंटरनेटकडील बाजूवर १९०० आणि ५३५३ ही पोर्ट बंद आहेत याची शेवटी खात्री करावी. बाहेरून उघडे राहिलेले एसएसडीपी लहान प्रश्नाला मोठे उत्तर देते आणि खोट्या उगम-पत्त्यांच्या साहाय्याने इतरांवर हल्ला करण्यासाठी त्याचा वापर होतो.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. एमआयडीसीत वीज परत आली की राउटर आणि स्विच एकाच वेळी सुरू होतात, पण स्विचला तयार व्हायला अधिक वेळ लागतो. तोपर्यंत राउटरवरील व्हीलॅनचे इंटरफेस उभे राहिलेले नसतील तर एसएमसीराउट त्यांना न ओळखताच सुरू होतो आणि त्या दिवशी कॅमेरे सापडत नाहीत. त्याला सुरुवातीस काही सेकंद थांबायला सांगण्याची सोय आहे; शिवाय इंटरफेस उभा राहताच सेवा पुन्हा सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट ओपनडब्ल्यूआरटीच्या हॉटप्लग यंत्रणेत ठेवता येते. राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्यावेत आणि सर्व काही चालू लागल्यावर मुख्य खटका मुद्दाम बंद-चालू करून, कोणीही हात न लावता प्रिंटर व कॅमेरे पुन्हा दिसतात का, ते पाहावे. तसे दिसले की कॉन्फिगरेशनची प्रत काढून राउटरबाहेर ठेवावी आणि तिच्यासोबत प्रत्येक फायरवॉल नियम कोणत्या उपकरणासाठी लिहिला आहे हे एका ओळीत नोंदवावे. पुढे उपकरण बदलले की त्याचा नियम कोणता काढायचा हे त्या नोंदीवरून लगेच कळते.